पाय घासत चाला!

आमचे बिऱ्हाड गिरगावात. गिरगावकराला समुद्राचे भय नसते आणि, खरे सांगायचे तर, कौतुकही नसते. पाहुणे आले की त्यांना चौपाटीवर नेऊन भेळ खिलवायची आणि वर्षातून एकदा गणपती पोचवायला गुडघाभर पाण्यात शिरायचे, एवढाच आमचा त्याच्याशी व्यवहार. त्या पाण्याच्या तळाशी कोणाची वस्ती असेल आणि आपला पाय नेमका त्याच्या पाठीवर पडत असेल, हा विचार पन्नास वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता.

तो शिवला २०१३ सालच्या गणेशोत्सवात. दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन होते. माझी धाकटी बहीण दादरहून मुलाला घेऊन आली होती. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. 'या वर्षी मूर्ती मीच सोडणार,' असा त्याने हट्ट धरला. भाच्याचा हट्ट मामाने नाही पुरवायचा तर कोणी, म्हणून मी त्याला हाताला धरून पाण्यात नेले. पाणी त्याच्या मांडीला लागले असेल नसेल, तोच "मामा, काहीतरी चावलं!" असा तो किंचाळला. ताशांच्या कडकडाटातही आजूबाजूच्या दहा जणांनी वळून पाहिले. मूर्ती कशीबशी बुडवली आणि पोराला उचलून वाळूवर आणले. घोट्याच्या वर बोटभर लांबीची जखम, कडा फाटलेल्या, रक्ताची धार लागलेली. मी रुमाल बांधतो आहे, तेवढ्यात आणखी दोघेजण तसेच लंगडत बाहेर आले.

तराफ्यावरचा एक म्हातारा कोळी जवळ येऊन डोकावला. "पाकट लागलाय," तो म्हणाला. "मरनार नाय, पन रातभर रडवील."

त्या संध्याकाळी चौपाटीवर पन्नासाहून अधिक लोकांना पाकटांचा आणि जेलीफिशांचा असा प्रसाद मिळाला, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून कळले. पण रात्र आमच्या घरी उजाडायची होती! चाळीत बातमी फिरायला वेळ लागत नाही. कोणी हळद सुचवली, कोणी कांदा. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी बर्फाची पिशवी आणून दिली आणि मी ती मोठ्या भरवशाने जखमेवर धरली. पोर आणखीच तडफडू लागले. ठणका घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि तिथून मांडीपर्यंत चढला.

इतक्यात सौ. स्वयंपाकघरातून वाफाळते पातेले घेऊन आली. ती मालवणची. आमच्या सोवळ्या घरात मासा शिरला तो तिच्याच पावलांनी, आणि तोही गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर. "तो बर्फ फेका आधी," ती म्हणाली, "पाकटाला गरम पाणी लागतं." तिने आधी आपला हात पाण्यात घालून पाहिला, मग पोराचा चांगला पाय बुडवून पाहिला आणि तो सहन करतो असे दिसल्यावर दुखरा पाय आत घातला. दहा मिनिटांत रडणे थांबले. दीड तास आम्ही पाणी बदलत बसलो. नंतर डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखम धुतली, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना याची क्ष-किरणाने खात्री करून घेतली, धनुर्वाताचे इंजेक्शन टोचले आणि मामीच्या पातेल्याला शाबासकी दिली.

पातेल्याची करामत काय, ते त्यांनीच समजावून सांगितले. पाकटाचे विष प्रथिनांचे बनलेले असते आणि ती प्रथिने उष्णतेने नासतात. अंडे एकदा उकडले की आतला पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे. पाणी ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले म्हणजे पुरे. कढत पाण्यात पाय घालून भाजून घेण्यात अर्थ नाही. मात्र हा इलाज हातापायांपुरता. छातीत किंवा पोटात काटा गेला तर पातेल्याच्या नादी न लागता तडक इस्पितळ गाठावे आणि काटा आत रुतला असेल तर तो घरी उपटू नये. ऑस्ट्रेलियातले स्टीव्ह अर्विन, मगरींशी झोंबणारे ते दूरचित्रवाणीवरचे गृहस्थ, २००६ च्या सप्टेंबरात पाकटाच्या काट्यानेच गेले, पण तो काटा छातीत शिरला होता. असे मृत्यू फार विरळा. चौपाटीवर काटा लागतो तो पायाला.

भाचा बरा झाला, पण त्याने पाकट जातीशी वैर धरले. "मामा, समुद्रातले सगळे पाकट मारून टाकले पाहिजेत," हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकले असेल! शेवटी मी म्हटले, "बाबा रे, शत्रूला मारायचे तर आधी त्याची माहिती काढावी लागते." अशा रीतीने, ज्याने जन्मात मासा चाखला नाही असा मी, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जाऊन पाकटांचे चरित्र वाचू लागलो.

ज्यांनी पाकट पाहिला नाही त्यांना सांगायचे म्हणजे, मोठ्या भाकरीला मागून चाबूक लावावा तसा हा प्राणी दिसतो. भाकरी दिसते ते मुख्यतः त्याचे पर. छातीचे दोन पर वाढत वाढत डोक्यापुढे आले आणि एकमेकांना जोडले गेले. अंगात हाड म्हणून नाही. सांगाडा सगळा कूर्चेचा, आपल्या कानात असते तसल्या लवचिक द्रव्याचा. मुशी, म्हणजे शार्क, हा याचा सख्खा भाऊबंद. दोघांत फरक कसा ओळखावा, याची एक सोपी खूण आहे: कल्ल्यांच्या फटी मुशीला दोन्ही कुशींवर असतात, तर पाकटाला पोटाच्या बाजूला. अंग कितीही लांबट असो की चपटे, या खुणेने कूळ ठरते. म्हणूनच लांब करवतीसारखे नाक असलेला करवत मासा अंगाने मुशीसारखा दिसला, तरी तो पाकटांच्याच भावकीत जमा होतो.

काटा शेपटीच्या टोकाला असतो, ही माझी समजूत तेव्हाच खोटी ठरली. तो असतो शेपटीच्या पाठीवर, बुंध्यापासून काही अंतरावर. दातांच्या द्रव्याचा बनलेला, दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दाते. आत जाताना सरळ जातो आणि निघताना मांस फाडत निघतो. त्याच्या खालच्या अंगाला दोन पन्हळी असतात आणि त्यांत विषारी पेशी भरलेल्या असतात. वरून पातळ कातड्याची म्यान. सापाच्या दातासारखी विषाची पिचकारी इथे नाही. काटा घुसला की म्यान फाटते आणि विष जखमेत झिरपते. काटा मोडला किंवा गळाला की नवा उगवतो. पण या हत्याराने पाकट शिकार करीत नाही. मुशी किंवा दुसरा कोणी मोठा मासा पाठीवर आला, की शेपूट वर उसळवून मारायचे, एवढाच त्याचा उपयोग. माणसाचा पाय आणि मुशीचा जबडा यांतला फरक पाठीवर ओझे पडल्यावर कोणी शोधत बसत नाही.

जुन्या लोकांनी मात्र या काट्याची काय काय वर्णने केली! ग्रीकांच्या एका लुप्त झालेल्या महाकाव्यात वीर ओडिसियसला मरण येते ते त्याच्याच मुलाच्या हातून, पाकटाचा काटा बसवलेल्या भाल्याने. रोमचा प्लिनी लिहून गेला की हा काटा झाडाच्या मुळात खुपसला तर झाड वाळते. त्या मानाने कॅप्टन जॉन स्मिथ हा इंग्रज खरा व्यवहारी. १६०८ साली अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाकट त्याच्या मनगटाला लागला. हात खांद्यापर्यंत सुजला, सोबत्यांनी थडगेही खणून ठेवले. संध्याकाळपर्यंत गड्याला उतार पडला आणि रात्री त्याने तोच पाकट शिजवून खाल्ला! त्या जागेला आजही 'स्टिंगरे पॉइंट' म्हणतात. ही गोष्ट सांगितली तेव्हा भाचा महिन्याभरात प्रथमच खदखदून हसला.

"पण मामा, हा मासाच ना नक्की?" त्याने विचारले. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आधुनिक वर्गीकरणाचा जनक लिनियस, त्यानेसुद्धा १७५८ च्या आपल्या ग्रंथात पाकटांना माशांत बसवले नव्हते. बेडूक, साप आणि सरडे यांच्या पंगतीला त्यांचे पान मांडले होते. आता त्यांची जागा कूर्चामत्स्यांत पक्की झाली आहे. त्यांतही ज्या गणात सगळे काटेवाले पाकट येतात, त्याच्या नावाचा अर्थ आपल्या गृहिणींना आवडेल. 'मिलिओबॅटिस' या नावात जाते आहे, दळणाचे जाते. शिंपल्या भरडणारे सपाट दात पाहून ते नाव दिले गेले. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक पाकट 'डॅसिॲटिडी' या कुळातले. त्यांच्याच भावकीत गरुडासारखे पंख हलवीत पोहणारे पाकट आहेत आणि पसरल्या पंखांनी सात मीटरपर्यंत भरणारा, पण काट्याविना राहणारा अजस्र मांटाही आहे. तो बापडा पाण्यातले बारीक जीव गाळून खातो.

शास्त्रीय नावे म्हटली की आपल्याला वाटते सगळे ग्रीक आणि लॅटिन. पण कंपनी सरकारचा पॅट्रिक रसेल नावाचा डॉक्टर विशाखापट्टणला होता. तिथल्या माशांवर त्याने १८०३ साली ग्रंथ छापला, त्यात माशांची नावे तेलुगू कोळ्यांच्या तोंडची घातली. त्यातल्या एका लहानग्या पाकटाचे 'वल्गा' हे नाव पुढे जर्मन पंडितांनी जसेच्या तसे उचलले आणि आज जगभरच्या पुस्तकांत तो 'वल्गा'च आहे. दुसऱ्या एकाचे 'सेफेन' हे नाव अरबी. याच्या खरखरीत कातड्याने जपानी सामुराई तलवारींच्या मुठी मढवीत असत. बंगाली माणूस पाकटाला 'शापला पाता', म्हणजे कमळाचे पान म्हणतो. आमच्या भाकरीपेक्षा ही उपमा नक्कीच सरस, पण बंगाल्यांपुढे उपमेत कोण टिकणार!

वर्गीकरणाचा हा संसार अजून स्थिरावलेला नाही. २०१६ साली निघालेल्या पाकटकुळाच्या जगभराच्या ग्रंथात ६३३ जाती मोजल्या आहेत आणि त्याच सुमारास डॅसिॲटिडी कुळातल्या जुन्या प्रजाती मोडून नव्या मांडल्या गेल्या. एका जातीची कथा तर मजेदार आहे. ब्लीकर नावाच्या डच डॉक्टरने १८५२ साली जकार्ताहून एका पाकटाचे वर्णन केले. पिल्लूच होते ते. जग ते विसरून गेले. पुढे १९९० साली थायलंडच्या नदीतल्या एका प्रचंड पाकटाला मोठ्या थाटाने नवे नाव मिळाले आणि मग लक्षात आले की हा तर ब्लीकरचाच! नियमाप्रमाणे जुने नाव कायम झाले. याच जातीची एक मादी १३ जून २०२२ रोजी कंबोडियात मेकाँग नदीत सापडली: वजन ३०० किलो, लांबी शेपटीसह सुमारे चार मीटर. गोड्या पाण्यातला इतका जड मासा त्याआधी कोणी नोंदवला नव्हता. तिला खूण बांधून पुन्हा नदीत सोडण्यात आले.

म्हणजे पाकट नदीतही राहतो! उष्ण आणि कोमट पट्ट्यातल्या बहुतेक सगळ्या किनाऱ्यांवर तो आहे, खाड्यांत आहे, गंगेत आहे. एक जात तर तळ सोडून भर समुद्रात पोहते. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत शिरलेले पाकट इतके मुरले आहेत की समुद्राशी त्यांचा संबंधच तुटला. समुद्रातले पाकट खारट पाण्याशी तोल राखण्यासाठी रक्तात युरिया साठवतात; ॲमेझॉनवाल्यांनी ती विद्याच टाकून दिली. या युरियाचा अनुभव आमच्या सौ.ला ग्रंथांशिवायच होता. मासा मेला की युरियाचा अमोनिया होऊ लागतो आणि शिळ्या पाकटाला नाकात जाणारा वास सुटतो. "पाकट ताजा नसेल तर आणूच नये," हे तिच्या माहेरचे सूत्र.

त्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आम्ही भाच्याला घेऊन मालवणला गेलो. शत्रू समोरासमोर पाहावा असे त्याच्याच मनात होते. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसे दोर ओढताहेत, जाळ्याचा घेर आवळत येतो आहे. आम्हीही दोराला हात लावला. वाळूवर चांदी सांडावी तसे पेडवे आणि बांगडे पसरले आणि त्यांच्यामध्ये परातीएवढा एक तपकिरी पाकट. भाचा चार पावले मागे सरला. रापणकराने सराईत हाताने काटा आधी उडवला आणि त्याला उताणा केला.

उताण्या पाकटाला तोंड असते, हसरे! पांढऱ्या पोटावर दोन नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसतात आणि खाली ओठांची वाकडी रेघ. खरे डोळे पाठीवर. याचा अर्थ असा की पाकट काय खातो आहे ते त्याला दिसतच नाही. वाळूत पुरलेला खेकडा किंवा शिंपला तो शोधतो वासाने, स्पर्शाने आणि एका तिसऱ्याच इंद्रियाने. तोंडाभोवती बारीक छिद्रे असतात. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियनाने १६७८ साली त्यांचे वर्णन केले, पण त्यांचे काम कळायला विसावे शतक यावे लागले. प्रत्येक जिवाच्या स्नायूंतून विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह निघत असतो, तो या छिद्रांना जाणवतो. श्वासाचीही अशीच सोय. तोंड वाळूत, मग पाणी घ्यायचे कुठून? तर डोळ्यांमागे दोन भोके असतात, त्यांतून पाणी आत जाते आणि पोटाकडच्या कल्ल्यांतून बाहेर पडते. अंगावर वाळू ओढून, फक्त डोळे आणि भोके उघडी ठेवून तो तासन्‌तास पडून राहतो. पावसाळ्यातल्या गढूळ चौपाटीवर असा पडलेला जीव कोणाला दिसणार?

मी हे सांगत असतानाच पाकटाच्या शेपटीच्या बुंध्याशी हालचाल झाली आणि विड्यासारखे गुंडाळलेले काहीतरी वाळूवर आले. मग आणखी एक. ती पिल्ले होती. पोटुशी मादी जाळ्यात सापडली की धसक्याने पुष्कळदा अशी अवेळी विते, हे मी वाचले होते. पाहिले तेव्हा माझ्याही तोंडून शब्द फुटेना. विडा आपोआप उलगडला. तळहाताएवढे, थेट आईसारखे पिल्लू, इवली शेपटी, त्यावर मऊ म्यानातला इवला काटा.

"पाण्यात सोड रे झिला," रापणकर म्हणाला. "दिस भरले असतीत तर जगतली."

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मग खाली वाकला. दोन्ही पिल्ले ओंजळीत घेऊन तो धावत पाण्यात गेला. दोन महिन्यांपूर्वी समुद्राला पाय लावणार नाही म्हणणारा तो मुलगा! एक पिल्लू कडा हलवीत गेले. दुसरे तसेच तळाशी बसले. तो बराच वेळ तिथे उभा होता. परत आला तेव्हा त्याने रापणकराला विचारले, "यानं मला का मारलं होतं?"

"तेच्यार पाय पडलो म्हणान मारल्यान," म्हातारा म्हणाला. "तुज्यार कोण उभो रवलो तर तू गप बसशीत?"

बांगडी अंडी घालते ती हजारोंनी. पाकटाची मादी अंडी पोटातच उबवते आणि पिवळा बलक संपला की गर्भाशयाच्या आतल्या झालरींतून दुधासारखा पौष्टिक रस पाझरवून पिल्ले पोसते. असे महिनोन्‌महिने वागवून जन्माला येतात ती एक-दोन, फार तर दहा-पंधरा. आणि पिल्लू वयात यायला पुन्हा कित्येक वर्षे. डायनोसॉरांच्या काळापासून हा हिशेब जुळत आला होता. यंत्राच्या जाळ्यांनी तो चुकू लागला. २०२१ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या मुशी आणि पाकटांचा आढावा घेतला तेव्हा एकतृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात निघाल्या. आपल्याकडे गंगेतला पाकट आणि पाठभर काट्यांचा एक पाकट यांना २००१ पासून वाघाच्या बरोबरीने कायद्याचे संरक्षण आहे. जकार्ताच्या मासळी बाजारात १८६२ साली एक लहानसा पाकट मिळाला होता. त्या जातीचा दुसरा नमुना पुन्हा कधीच कोणाला मिळाला नाही. २०२३ च्या डिसेंबरात ती जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या हातून संपलेला समुद्रातला तो पहिला मासा मानतात. आमचा भाचा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. ही बातमी मला त्यानेच आणून दाखवली.

अजूनही दीड दिवसाच्या गणपतीला तो आमच्याकडे येतो. मूर्ती घेतलेल्या मंडळींच्या पुढे तो स्वतः पाण्यात उतरतो आणि पावले न उचलता वाळूतून घासत, घासत चालतो. जगभरच्या किनाऱ्यांवर हाच उपाय सांगतात. वाळूची हालचाल लागली की पाकट आपणहून उठून निघून जातो. पाय त्याच्या पाठीवर पडत नाही, कडेला लागतो. नव्याने आलेली पोरे त्याच्या चालीची नक्कल करून हसतात. "हसा, पण असेच चाला," तो म्हणतो.

आणि मामी दरवर्षी गरम पाण्याचा थर्मास बरोबर देते. गेल्या वर्षी त्याचा उपयोग झाला नाही. घरी आल्यावर त्याच पाण्याचा चहा केला.